बोराटीची फांदी

अजूनही खरं वाटत नाही. त्या माणसाची सहल मीच आखली हो! कुठून यायचं, कुठे उतरायचं, किती वाजता माझ्या आईच्या टेबलाशी जेवायला बसायचं, सगळं मीच ठरवलं, आणि मलाच पत्ता नाही!

आमची काळ्यांची वस्ती, सोवेटो, बघायला येणाऱ्या परदेशी लोकांना मी माझ्या गाडीतून फिरवते. इथल्याच ऑर्लँडो वेस्टमध्ये जन्मले, इथेच केस पिकले, त्यामुळे या कामाचं वेगळं शिक्षण लागलं नाही. येण्याआधी लोक प्रश्न विचारतातच, पण हा कॅनडाचा मिस्टर ग्रँट म्हणजे डोक्याला ताप होता. महिनाभर त्याचे मेसेज चालू. गाडी दाराशी थांबेल ना? गल्लीत लोक गोळा होणार नाहीत ना? जेवण वाढणाऱ्या बाईंची तब्येत बरी असते का? त्या पाहुण्यांना फार खोदून विचारत तर नाहीत? आणि प्रत्येक वेळी शेवटी, "नक्की सुरक्षित आहे ना?"

शेवटी वैतागून मी लिहिलं, "साहेब, आमच्याकडे माणसं राहतात, सिंह नाहीत. फोन खिशात ठेवा. दिसेल त्याला आधी नमस्कार करा, मग कॅमेरा काढा. पोरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारून. आणि कुणाच्याही घरात शिरताना टोपी काढा. बाकी मी आहे."

त्यावर उत्तर आलं, "टोपी काढायलाच हवी का?"

घ्या! असल्या माणसाला काय म्हणायचं?

आला तेव्हा बघितलं. साठीकडे झुकलेला, आमच्याच रंगाचा, उंच. डोळ्यांवर काळा चष्मा आणि कान झाकतील अशी लोकरी टोपी. आमच्याकडे जुलैत थंडी असते, तेव्हा टोपीचं मला काही वाटलं नाही. इंग्रजी एकदम तिकडचं. मला वाटलं, आपली मुळं शोधत तिकडचे काळे लोक येतात, त्यांतलाच एक असेल. मी गाडीत अखंड बडबडत होते आणि तो काचेला नाक लावून गप्प. मध्येच म्हणाला, "इथे झाडं नव्हती."

"जुन्या फोटोंत बघितलंत वाटतं?" मी म्हटलं.

"हो," म्हणाला. आणि मी पुढे बडबडायला लागले. काय ती माझी अक्कल!

पाहुण्यांना मी आधी अ‍ॅव्हलॉनच्या दफनभूमीत नेते आणि मग आईकडे जेवायला. अ‍ॅव्हलॉनला माझ्या मोठ्या भावाची, लिंडानीची कबर आहे. इथल्या शाळकरी पोरांवर गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या चालवल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी तो घरातून पळाला. हद्द ओलांडून बोट्सवानात जायचं आणि लढायला शिकायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. तो सतरा वर्षांचा, मी सात. मला त्याचा चेहरा आठवतो तो भिंतीवरच्या फोटोतला. त्यानंतर त्याची एक ओळ आली नाही. मग राज्य बदलायला लागलं, बाहेर गेलेली पोरं परतायला लागली, आणि त्यांतल्या एकाने आईला येऊन सांगितलं, तुमचा लिंडानी हद्दीच्या तारेपाशीच गोळी लागून पडला. अंधारात चेहरा दिसला नाही, पण अंगात तुम्ही विणलेला लाल स्वेटर होता. पाठीवर पांढरा पट्टा असलेला तो स्वेटर अख्ख्या गल्लीला माहीत होता. आईला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

हे सगळं मी मिस्टर ग्रँटला कबरीपाशी उभी राहून सांगितलं, सगळ्यांना सांगते तसंच. इतक्यांदा सांगून झालंय की आता रडू येत नाही. तो दगडावरचं नाव वाचत होता. लिंडानी म्बाता. त्याने चष्मा काढला.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"आत फांदी आहे," मी म्हटलं. "प्रेत कुठून मिळणार? आमच्यात माणूस परमुलखात मेला तर त्याचा आत्मा तिथेच भटकत राहतो. मग घरच्यांनी बोराटीची फांदी घेऊन तिथे जायचं, त्याला नावाने हाक मारायची आणि फांदीवर बसवून घरी आणायचं. माझी आई गेली होती. टॅक्सीत त्याच्यासाठी वेगळी जागा घेतली. आणणाऱ्याने वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं, फक्त त्याच्याशीच बोलायचं. आई अख्खा रस्ता बोलत होती. बाळा, आता नदी आली. बाळा, आता मोठा रस्ता लागला. हे बघ, घर आलं. मग ती फांदी आम्ही इथे पुरली."

मिस्टर ग्रँट मटकन खाली बसला. मला वाटलं, झालं, याला आता इथेच काहीतरी होतंय.

"साहेब! पाणी देऊ का?"

त्याने मान वर केली आणि चक्क आमच्या झुलू भाषेत म्हणाला, "झोझो, तो स्वेटर मी दुसऱ्याला दिला होता."

माझं नाव झोड्वा. मला झोझो म्हणणारा जगात एकच माणूस होता. मी दगडाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, परत दगडाकडे बघितलं. आणि मग माझा हात कधी उठला ते मलाही कळलं नाही. काडकन त्याच्या गालावर बसला. पलीकडच्या कबरीवर फुलं ठेवणारे लोक वळून बघायला लागले.

"मेलास ना तू?" मी ओरडले. "तुझ्या नावाने बैल कापला आम्ही! आईने काळे कपडे घातले! आणि तू टोपीबिपी घालून सहलीला येतोस?"

"मार," तो म्हणाला. "आणखी मार."

"बोल आधी! कुठे होतास?"

"गोळ्या सुटल्या आणि मी पळालो, झोझो. लढायला गेलोच नाही. पळत सुटलो तो कॅनडापर्यंत. तिकडे नावही बदललं. पत्र टाकलं असतं तर पोलीस आईच्या दारात उभे राहिले असते. आणि राज्य बदललं तेव्हा लाज वाटली. बाकीचे लढून परतले होते. मी तिकडे बसगाड्या दुरुस्त करत होतो. वर्षं गेली तशी लाज वाढतच गेली. मग तुझ्या जाहिरातीत आईचा फोटो दिसला, ताट वाढताना. म्हटलं, पाहुणा होऊन जाऊ, तिच्या हातचे दोन घास खाऊ आणि गुपचूप परत येऊ."

"आणि ते सुरक्षित आहे ना, सुरक्षित आहे ना, ते काय होतं?"

"ती मला ओळखणार नाही ना, एवढंच विचारत होतो."

याच्या गळ्यात पडावं की याचा गळा धरावा, मला कळेना. आईने ऐंशी ओलांडलेली, त्यात रक्तदाब. ती फांदी पुरल्यावर कुठे तिला झोप लागायला लागली होती. हे कळून तिच्या छातीत कळ आली तर? माझ्यासमोरच ती गेली तर?

"तू तिच्यासमोर जायचं नाहीस," मी म्हटलं. "ऊठ. तुला विमानतळावर सोडते."

तेवढ्यात फोन वाजला. आईच. "अगं, आहेस कुठे तू? वाफेवरचे पाव बसायला लागले! पाहुण्याला उपाशी मारतेस की काय?"

मी नाक ओढलं. "काय झालं? रडतेयस का?" आईने विचारलं.

"नाही, मा. आलोच," म्हटलं आणि फोन ठेवला. आईशी खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही, पाहुणा कुठे गेला म्हणून विचारलं तर काय सांगणार? मग गाडीत त्याच्याकडून शपथ घेतली. इंग्रजीच बोलायचं, एक ताट जेवायचं आणि उठायचं.

दफनभूमीतून येणाऱ्यांसाठी आई फाटकाशी पाण्याचं घमेलं ठेवते. आम्ही हात धुतले आणि आत गेलो. आई डाव हातात धरून उभी. "या, या, बसा," तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. तो भिंतीवरच्या स्वतःच्याच फोटोखाली उभा राहिला, मान खाली घालून.

"झोड्वा, यांना सांगितलं नाहीस का टोपीचं?"

"राहू दे ना, मा. त्यांना थंडी वाजतेय."

"माझ्या स्वयंपाकघरात थंडी? चूल पेटलीय ना! काढायला सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली. डावा कान अर्धाच होता. मला हे माहीतच नव्हतं, कारण फोटोत तो उजव्या बाजूने दिसतो.

आईने डाव भांड्यात सोडला. जवळ आली. कापडाचा पोत बघावा तसा तो कान दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "शेजारच्यांच्या कुत्र्याने तोडला होता हा."

"मा," म्हणत तो गुडघ्यांवर कोसळला.

मी खुर्ची घेऊन आईच्या मागे धावले, पण ती पडली नाही. त्याचं डोकं, खांदे, पाठ चाचपत राहिली. "आहेस रे. जिवंत आहेस." डोळ्यांतून नुसत्या धारा. मीही हुंदके द्यायला लागले. वाटलं, सुटलो, आई वाचली.

आणि एकदम तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. आईला इतकी घाबरलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"झोड्वा," ती म्हणाली, "मग मी कुणाला आणलं गं?"

याचा मी विचारच केला नव्हता.

"तारेपाशी एक मुलगा होता, मा," लिंडानी खालूनच म्हणाला. "थंडीने कुडकुडत होता. मी त्याला स्वेटर दिला."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"गाव? आईबाप?"

"वाटेत कुणी कुणाला काही विचारायचं नाही, असं ठरलं होतं. एक पकडला गेला तरी बाकीचे सुरक्षित राहावेत म्हणून."

आई खुर्चीत बसली. "मी त्याला तुझ्या बापाचं सगळं सांगितलं," ती म्हणाली. "हिच्या लग्नाचं सांगितलं. दर नाताळाला जाऊन बसते त्याच्यापाशी. त्याची आई कुठे कुठे शोधत फिरली असेल!"

"मा, मी दगडावरचं नाव खोडून घेतो. उद्याच माणूस बोलावतो."

"हात तर लावून बघ त्या दगडाला!" आई कडाडली. "सकाळी तू तिथे जायचंस. त्याच्यासमोर गुडघे टेकायचे आणि घरात यायची परवानगी मागायची. मी त्या रानात उभी राहून तुझं नाव घेऊन हाका मारल्या, लिंडानी. घसा फुटेपर्यंत मारल्या. तो मेलेला होता, त्याचं नावही ते नव्हतं, तरी तो आला. तू जिवंत होतास, आणि तू आला नाहीस."

एवढं बोलून ती उठली आणि त्याच्या ताटात वाढायला लागली. त्याला धड जेवता येईना, धड उठता येईना.