एकशे बारा शोध

हेलिकॉप्टरने जमीन सोडली की हवालदार गोविंदराव डोळे मिटून घ्यायचे, ते थेट उतरल्यावरच उघडायचे. तोंडात आवळासुपारी, मांडीवर उलटीसाठी पिशवी. शेजारच्या जागेवरून मृदुला दोन वर्षं हे पाहत होती.

हवाई पथकात ती एकटीच पोलीस नसलेली. खाली नजर ठेवायची, कॅमेरा फिरवायचा, वैमानिकाला दिशा सांगायची, हे निरीक्षकाचं काम तिचं. विश्वामित्री नदीच्या पुरात फतेगंज वस्तीच्या मागे पाण्याच्या टाकीवर अडकलेले तिघे तिनेच हेरले. वैमानिक म्हणाला होता, माकडं असतील. तिने हेलिकॉप्टर परत वळवायला लावलं.

उतरल्यावर नोंदवही मात्र गोविंदरावांपुढे जायची. "नागरी माणसाची सही कोर्टात टिकत नाही, बेन," पथकाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मृदुला मजकूर सांगायची, गोविंदराव खिशातलं पेन काढून सही ठोकायचे. "तू बघ, मी सही करतो. अर्धं अर्धं!" ते हसायचे. तीही हसायची. शेवउसळीसाठी नावाजलेल्या लहरीपुऱ्यात त्यांचं घर असल्याने येताना तिच्यासाठी ते शेवउसळ बांधून आणायचे.

जूनमध्ये वरून विचारणा झाली: निरीक्षकाची जागा नागरी ठेवायची की पोलिसाला द्यायची? त्यासाठी नेमलेल्या समितीने नोंदवह्या मागवल्या आणि सह्या मोजल्या. हवालदार गोविंदराव, एकशे बारा शोध. नागरी निरीक्षक, शून्य.

"काका, समितीपुढे तुम्ही काही बोलला नाहीत?" मृदुलाने विचारलं.

"त्यांनी विचारलं, सह्या तुमच्याच ना? माझ्याच होत्या." गोविंदराव बुटांकडे बघत राहिले. "न बघता केल्या म्हटलं असतं तर घरीच बसवलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, पोरी."

जागा गोविंदरावांना मिळाली. आपली जागा सोडण्याआधी महिनाभर मृदुलाने त्यांना शिकवायचं ठरलं. ती रोज म्हणायची, "काका, फक्त एकदा खाली बघा." ते पापण्या आणखी घट्ट आवळायचे.

शेवटच्या दिवशी साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "प्रशिक्षकाच्या रकान्यात तुमची सही."

"माझी चालेल?"

"चालेल की! हा कागद थोडाच कोर्टात जाणार आहे?"

फॉर्मवर छापलं होतं, 'प्रशिक्षणार्थी स्वतंत्रपणे निरीक्षण करण्यास सक्षम आहे.' बाहेर तीन दिवस पावसाची झड लागली होती. नदी चढत होती. उद्यापासून तिच्या जागेवर गोविंदराव बसणार होते. मृदुलाने छापील ओळ खोडली आणि शेऱ्यात लिहिलं, 'उड्डाणभर डोळे मिटलेले असतात. पाठवू नये.' खाली पूर्ण नाव, तारीख.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "शुं, काय गोविंदराव, खरं आहे हे?"

गोविंदरावांनी पुन्हा बुटांकडे नजर वळवली.

साहेबांनी कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि खणातून कोरा फॉर्म काढला. "एकशे बारा शोध लावलेल्या माणसाला शिकवायचं ते काय? प्रशिक्षक म्हणूनही तुम्हीच सही करा, गोविंदराव."

गोविंदरावांनी मृदुलाकडे पाहिलं नाही. हात आपसूक खिशाकडे गेला, पेन निघालं. दोन वर्षांची सवय होती.