लम्जियकमावशीचं थान

थायलंडमधल्या आमच्या अंफवात कोळशाला थान म्हणतात आणि टॉर्चमध्ये घालायच्या सेललाही थानच. आजवर त्यापायी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते लम्जियकमावशीचं, आणि असं बिघडलं की बाईला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

झालं असं की शेजारची पिन्मणी, म्हणजे आमची पिन, बँकॉकच्या विद्यापीठात बॅटऱ्या बनवायची. साध्या नव्हेत, मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या. त्यांच्या आत एका पत्र्यावर काळा थर लागतो, तो ती नारळाच्या करवंट्यांपासून करायची. तीन वर्षं तिने एकाच बागेतल्या करवंट्या वापरल्या, म्हणजे आजचा प्रयोग कालच्याशी ताडून बघता यावा. ती बाग यंदा रिसॉर्टवाल्याने तोडली. उरली होती शेवटची दोन पोती, मावशीच्या पडवीत. पिनने फोन केला, "मावशी, त्या करवंट्या थानासाठी तयार ठेवा, शनिवारी न्यायला येते."

तिला म्हणायचं होतं, धुऊन वाळवून ठेवा. पण मावशी चाळीस वर्षं कोळसा पाडणारी. तिने करवंट्या भट्टीत रचल्या, तोंड मातीने लिंपलं आणि चार दिवस तिथून न हलता निगुतीने त्यांचा कोळसा पाडला.

शनिवारी पिनने पोतं उघडलं आणि मूठभर कोळसा बाहेर काढला.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"तूच म्हणालीस ना, थान."

"बॅटरीचं थान हो, मावशी. मला नुसत्या करवंट्या हव्या होत्या. महिन्याभरात विद्यापीठाची समिती काम तपासायला येतेय. दहा मिनिटांत सेल भरून दाखवला नाही, तर काम बंद म्हणून सांगितलंय."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पिन मात्र एक अक्षर वाकडं बोलली नाही, दुसरं काही नव्हतंच म्हणून तोच कोळसा घेऊन गेली. मावशीला ते जास्त लागलं. चार शिव्या दिल्या असत्या पोरीने, तर बरं वाटलं असतं.

समितीच्या दिवशी मावशी नारळाच्या गुळाची ढेप घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. म्हटलं, पोरीचं वाटोळं व्हायचं असेल तर निदान तिच्याशेजारी उभं राहावं. समितीचे थावोन सर तिच्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघून म्हणाले, "घोटाळा करणाऱ्या बाई याच का?"

"मीच ती," मावशी म्हणाली. "पोरीला बोलू नका, मला काय ते बोला."

पिनने त्या कोळशाचं पीठ केलं होतं, आपल्या भट्टीत पुन्हा कडक तापवलं होतं आणि शर्टाच्या बटणाएवढा सेल बनवला होता. तिने तो यंत्राला जोडला. पडद्यावर एक रेघ वर चढू लागली. आजवर घाईने भरायला गेलं की निम्म्यातच सेलचा दम सुटायचा. पिन ओठ चावत बघत होती. रेघ निम्म्यावर आली आणि थांबली नाही. सहाव्या मिनिटाला सेल भरला.

सर म्हणाले, "रिकामा करा. पुन्हा भरा."

पुन्हा सहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत वीस वेळा भरला आणि वीस वेळा रिकामा केला, पण बटणाने हूं की चूं केलं नाही.

"सोडियमचे कण अंगाने जाडजूड," पिनने मावशीला सांगितलं. "कोळशात त्यांना बसायला बारीक बारीक खोल्या लागतात. आम्ही घाईने तापवायचो, त्यात खोल्या नीट होत नसत आणि सगळी गर्दी दारातच व्हायची. तुम्ही चार दिवस घेतलेत."

"किती डिग्रीला?" सरांनी वही उघडली.

"डिग्रीबिग्री मला काय ठाऊक? धूर पांढरा असेतो भट्टीला हात लावायचा नाही. निळा झाला की एकेक भोक बुजवायचं. मग गुमान बसून राहायचं."

सरांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग पिनच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "काम चालू राहील. पण या बाईंना सोबत घ्या."

पिनला रडू फुटलं. मावशीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या बटणापाशी वाकून उभी होती.

"याची राख कुठे पडते गं?"

"राख नाही पडत, मावशी. ते जळतच नाही. भरतं, रिकामं होतं, परत भरतं."

"किती वेळा?"

"नीट जमलं तर हजारो वेळा."

चाळीस वर्षांत मावशीने किती कोळसा पाडला, त्याला गणती नाही. चांगला खणखणीत कोळसा. त्यातला तुकडा न् तुकडा कुणाच्या तरी चुलीत गेला आणि सकाळी झाडून बाहेर टाकला गेला. कोळशाचं दुसरंही काही होऊ शकतं हे तिला आज वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं.

माणसं आवराआवर करू लागली, दिवे मालवू लागली. मावशीने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली.

"अजून एकदा भर ना गं," ती म्हणाली. "मला बघायचंय."