घोड्याच्या घरातले प्यादे

“काका, ही मात होत नाही,” नम्रता म्हणाली.

हरिश्चंद्र भाटकर खुर्ची ओढून संगणकासमोर सरसावले. बावीस वर्षे ते रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे कोडे चालवत होते: पांढऱ्याने चार चालींत मात करायची. भूमापन कार्यालयात कारकून म्हणून त्यांनी काय दिवे लावले ते कोणाला आठवत नव्हते, त्यांनाही नाही. पण ‘कोडेवाले भाटकर’ म्हटले की मांडवीतला कोणीही रिक्षावाला थेट त्यांच्या दारात आणून सोडायचा. आता निवडक शंभर कोड्यांचे पुस्तक निघणार होते, आणि साप्ताहिकाची संपादक नम्रता एकेक कोडे संगणकाकडून तपासून घेत होती.

“मशीनला नीट सांगितलंस ना?”

“सगळ्या सोंगट्या जागच्या जागी आहेत. बघा ना तुम्हीच.”

प्रोग्राम आधी शह देणाऱ्या चाली धुंडाळायचा. वजीर गेला तरी त्याला हळहळ नव्हती. पांढऱ्यासाठी दर वेळी एक चांगली चाल सापडली की त्याचे भागत होते. काळ्याचे मात्र एकूण एक उत्तर तो तपासून पाहायचा, कितीही वेडगळ असले तरी, कारण एकही उत्तर टिकले तर मात खोटी. चौऱ्याण्णव कोडी या चाळणीतून सुखरूप निघाली होती आणि भाटकर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. पंच्याण्णवव्या कोड्यात, तिसऱ्या चालीला, काळ्याचे प्यादे शेवटच्या ओळीत पोचले. प्रोग्रामने त्याचा वजीर केला, हत्ती केला, उंट केला. तिन्ही वेळा मात झाली. मग त्याने घोडा केला. त्या घोड्याचा पांढऱ्या राजाला शह बसला आणि मात हुकली.

भाटकर पडद्याकडे झुकले. ही चाल त्यांनी पूर्वी वाचली होती, एका पोस्टकार्डावर.

हेदवीच्या दमयंती पवार दर आठवड्याला न चुकता उत्तर पाठवायच्या. दोन हजार आठ साली त्यांनी लिहिले होते, ‘प्यादे घोड्याच्या घरात पोचते, म्हणून त्याचा घोडा होतो. मात नाही.’ जुन्या देशी खेळात तसेच होते. ज्याच्या घरात प्यादे जाई, तेच ते बने. आजच्या नियमाने हवे ते करता येते आणि जो तो वजीरच करतो. भाटकरांना हसू आवरले नव्हते. बाईंचे कारण चुकीचे होते, म्हणून त्यांनी चाल पाहिलीच नाही. पट मांडायचेही कष्ट न घेता पुढच्या अंकात छापून टाकले, ‘हेदवीच्या बाई अजून पेशवाईत खेळतात!’ त्यानंतर हेदवीहून कार्ड आले नाही. त्याचेही त्यांना कधी काही वाटले नव्हते.

दोन दिवसांनी जयगडची फेरीबोट धरून ते तवसाळला उतरले आणि तिथून हेदवीला गेले. दमयंतीबाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. हात मनगटापर्यंत लाल झालेले.

“मी भाटकर. रत्नागिरीचा. कोडी देणारा.”

बाईंचा हात थांबला नाही. “बसा,” त्या म्हणाल्या.

भाटकरांनी छापायचा मजकूर पुढे केला. ‘दमयंती पवार, हेदवी, यांची चाल बरोबर होती. चूक आमची.’ बाईंनी हात पुसले, चष्मा लावून दोनदा वाचले.

“आता कसं काय कळलं?”

“संगणकानं दाखवलं.”

“मशीननं सांगितलंन म्हणून आलात. मी लिवलं तेवा नाय पटलं.”

भाटकरांना लाज वाटली. सत्तरी उलटल्यावर माणसाला इतकी लाज वाटते हे त्यांना ठाऊक नव्हते. काहीतरी करायचे म्हणून ते म्हणाले, “पट काढा, मांडून दाखवतो.”

“पट कुठला आता? बापाशीनं फणसाच्या लाकडाच्या सोंगट्या कोरल्यान होत्या माझ्यासाठी. तुमचा पेपर वाचून घरातली सगळी हसली. मला वाटलं, बापाशीनंच खोटं शिकवलंन. त्याच साली बंबात घातल्या सगळ्या, पाणी तापवायला.”

बाईंनी आतून पाणी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

“छापा तुमी,” त्या म्हणाल्या. “पण माझं नाव नको. बापाशीचं घाला. चाल त्यांची होती.”

“नाव सांगा.”

“रावजी धाकू सुर्वे.”

भाटकरांनी गुडघ्यावर कागद धरून बाईंचे नाव खोडले आणि वरच्या मोकळ्या जागेत वडिलांचे लिहिले. अक्षर वाकडे आले. बाई वाकून बघत होत्या.

“पुढं हेदवी ऱ्हाऊ द्या, माझं म्हायेरपण हितलंच,” त्या म्हणाल्या. “रावजी सुर्वे तालुक्यात पंधरा सापडतील.”