एकजात

मित्रांनो, मी एक जुना गड्डा आहे, पाणकणसाचा. तळ्याच्या चिखलात आडवा पडून असतो, म्हणून तुम्ही मला कधी पाहिलेलं नसणार. तुम्हाला दिसतात ती वरची हिरवी पाती आणि तपकिरी, मखमली कणसं. काठावरून तुम्ही म्हणता, "केवढी ही झाडं!" मोजाल तर हजार भरतील. पण खरं सांगू का? झाड एकच आहे. ते मी.

तळ्याच्या राखणदाराने मला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं, तेव्हा मी हातभरच होतो. तळ्याला लागून त्याच्या बहिणीची लाँड्री. तिथलं फेसाळ, काळपट पाणी तळ्यात यायचं, माझ्या मुळांमधून गाळत गाळत पलीकडे जायचं आणि नितळ होऊन पुन्हा लाँड्रीतच चढायचं. राखणदाराने माझे तुकडे केले. मी मेलो नाही. तुकड्यातुकड्याला डोळा फुटला, आणि जिथे फुटला तिथे पुन्हा मीच उगवलो. तोच रंग, तीच उंची.

येणारेजाणारे म्हणायचे, "वा! एकजात देखणी!"

राखणदाराला मूठभर मांस चढायचं. आणि मित्रांनो, मलाही.

लाँड्रीच्या गटाराच्या तोंडाशी मात्र पाणकणसाची एक वेगळीच जात उगवली होती. कुठल्या दूरच्या पाणथळीतून तिचं बी उडत आलं, कोण जाणे. ठेंगणी, अरुंद पानांची, एका अंगाला कललेली. राखणदार तिला 'वाकडी' म्हणायचा आणि दरसाल उपटायचा. दरसाल तिचं एखादं मूळ मागे राहायचं.

आमच्यात वाढायच्या वाटा दोन. एक चिखलातली, माझी: तुकड्यातून तुकडा, सारख्यातून सारखं. दुसरी वाऱ्याची. एकाचा पराग दुसऱ्याच्या कणसावर पडतो, कणीस पिकून फुटतं, कापूस उडतो. त्या कापसाच्या तंतूला लटकलेलं बी दोघांचं असतं, आणि दोघांहून वेगळंही. पण त्याला रुजायला उघडा, ओला चिखल हवा. खोल पाण्यात ते काही उभं राहत नाही.

आणि तो कापूस बसायचा नेमका धुतलेल्या चादरींवर.

"दादा, तुझ्या कणसांना आवर," बहीण कमरेवर हात ठेवून म्हणायची. "गिऱ्हाईक विचारतं, बाई, चादर धुतलीत की गादी पिंजलीत?"

"अगं, चार दिवसांचा तर कापूस."

"मग चार दिवस तूच झटक चादरी!"

भाऊच तो. दरसाल पिकण्याआधीच सगळी कणसं विळ्याने उतरवू लागला. लाँड्रीला पाणी कमी पडू नये म्हणून तळंही काठोकाठ ठेवायचा. दोन्ही गोष्टी मायेपोटीच. वाऱ्याची वाट मात्र बुजली.

मग तो डाग आला.

पलीकडच्या कडेला एका पात्यावर, मसुराएवढा. आठ दिवसांत त्या रांगेवर, पंधरा दिवसांत पुढच्या तीन रांगांवर. राखणदाराने पाती कापली, जाळली. डाग थांबला नाही. त्याला थांबायचं कारणच नव्हतं. हजार दारं आणि सगळ्यांना एकच किल्ली! एका पात्यात शिरायला तो शिकला, तेव्हाच सगळ्या तळ्यात शिरला होता. चिखलात पडल्या पडल्या मला कळत होतं, माझा सारखेपणाच माझ्या मुळावर उठला होता.

पाणी गढूळ राहू लागलं. चादरी पिवळ्या निघू लागल्या. पोटावर पाय आला तशी बहीण तळ्यावर धावत आली. राखणदार विळा घेऊन गटाराशी वाकला होता.

"थांब दादा! काय उपटतोयस?"

"वाकडी आहे ती. दरसाल उपटतो."

"अरे, डोळे फुटले का तुझे? सगळं तळं करपलंय, आणि हिच्यावर एक डाग तरी आहे का?"

त्याने पाहिलं. विळा खाली ठेवला. मग बहीण कपडे पिळताना म्हणायची ती ओवी हळूच पुटपुटली:

एका हाताची गं बोटं, पाच बोटं पाच परी
एकाला रुततो काटा, दुजं काढतं बाहेरी

त्या साली कणसं कुणी कापली नाहीत. माझी उरली होती मोजून सात. वाकडीचा पिवळा पराग त्यांच्यावर बसला. कणसं पिकत आली तसं राखणदाराने पाणी सोडून दिलं आणि लाँड्रीला कुलूप लागलं. "पोटाला चिमटा घेऊ," बहीण म्हणाली. तळ्याचा चिखल कित्येक वर्षांनी उघडा पडला.

कणसं फुटली. दोरीवर घरची एकच चादर वाळत होती, तिच्यावर पांढरा कापूस बसला. बहिणीने चादर काढली, जपून घडी घातली, चिखलापर्यंत आणली आणि तिथे झटकली.

आता चिखलावर केसाएवढी रोपं आली आहेत. एक दुसऱ्यासारखं नाही. काहींवर डाग दिसतोच आहे. काहींवर अजून नाही. किती वाचतील, ते मला दिसायचं नाही. करपा माझ्या शेवटच्या डोळ्यापर्यंत उतरला आहे.

मित्रांनो, कुठे एकजात हिरवं तळं दिसलं तर कौतुक जरूर करा. पण जाताना त्याच्या कडेला वाकून पाहा. एखादी वाकडी दिसली, तर हात मागे घ्या.

काल राखणदार रोपांपाशी बसला होता. सवयीने त्याचा हात एका कललेल्या रोपाकडे गेला. आणि तिथेच थांबला.