चूल पेटली त्याची खोली

नगरात हमालीला आलेल्या आसारामनं सावेडीपर्यंतच्या सगळ्या चाळी पालथ्या घातल्या. परवडेल अशी एक खोली आणि आडोशाला न्हाणी, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या बायकोला, विजयमालाला, सातवा महिना लागला होता आणि ती अडत्याच्या ओट्यावर पोत्यांआड झोपत होती. येणारे-जाणारे वाकून बघत, तेव्हा आसारामच्या मस्तकात सणक जाई. पण भाड्याचा आकडा ऐकला की बिचाऱ्याचं तोंड एवढंसं होई.

शेवटी काकासाहेब नावाचा घरमालक भेटला. त्यानं भाडं निम्मं सांगितलं आणि एका दारावरच्या कुलपाकडं बोट केलं.

"बिऱ्हाड उठलंय. कितीक दिस चूल पेटली न्हाई. फोड कुलूप."

आसारामचा जन्म ऊसतोडीत गेलेला. कारखान्याच्या तळावर कायदा एकच. चूल थंड पडली की पाचटाची कोपी मोकळी, आणि नवी चूल पेटवील त्याची ती कोपी. शहरातही तोच कायदा चालतो, अशी त्याची समजूत. त्यानं दगड घालून कुलूप तोडलं आणि आतली भांडी, अंथरुणं अंगणात भिरकावली. उठलेलं बिऱ्हाड भांडी टाकून जातं का? पण त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

विजयमालानं चूल पेटवली. धूर निघतो न निघतो तोच भाडेकरू गहिनीनाथ दारात उभा राहिला. अंगणातला संसार बघून त्याचं डोकंच फिरलं.

"कुणाच्या घरात शिरलास रं भडव्या?"

त्यानं आसारामची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. विजयमाला मध्ये पडली, तर धक्क्यानं तीही कोलमडली. मग मात्र आसारामला भान उरलं नाही. चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलून त्यानं गहिनीनाथच्या खांद्यावर हाणली, मग तोंडावर, मग डोक्यात.

"हाण! सोडू नगंस!" काकासाहेब जिन्यातून ओरडत होता.

गहिनीनाथची टोपी उडाली आणि आसारामचा हात वरच राहिला. टाळू नुकतीच भादरलेली होती, तिच्यावरून रक्त ओघळत होतं.

"आईचा दहावा घालून आलोय रं," रक्त थुंकत गहिनीनाथ म्हणाला. "मालकाला सांगून गेल्तो. खोली सोड म्हून वरीसभर मागं लागलाय त्यो."

विजयमाला पोट धरून उठली. तिनं हंडा उचलून चुलीत ओतला.

"सुतकाच्या घरात माझी चूल नगं," ती म्हणाली.

आसारामला स्वतःची किळस आली. तो जिन्याकडं वळला. काकासाहेब पळत सुटला, पण आसारामनं त्याला धोतराला धरून खाली ओढलं आणि फुंकणी वाकेपर्यंत बडवलं. काकासाहेबाचा हात मोडल्याचा आवाज सगळ्या चाळीनं ऐकला. चौघांनी ओढलं तेव्हा कुठं आसाराम बाजूला झाला.

हवालदार आला. त्यानं नाव विचारलं, आसारामनं सांगितलं.

"राहतोस कुठं?"

आसारामनं अंगणात बसलेल्या विजयमालाकडं पाहिलं. हवालदारानं कानफटात ठेवून दिली आणि पुन्हा तेच विचारलं.