रिकामी न परतलेली बरणी

मी एक काचेची बरणी बोलतेय. मीठ घालून मुरवलेले आंबट प्लम ठेवायचे, हे माझं काम, आणि चाळीस वर्षं मी ते इमानानं केलं. मालकीण तोमिए-सान, वय ब्याऐंशी; 'सान' म्हणजे आमच्या जपानात 'बाई' किंवा 'राव'. आता माझ्या तळाशी निळा रंग बसलाय, तो कसा, ते सांगते.

सहा वर्षांपूर्वी शेजारचे कुवाबारा-सान पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले. तोमिए-साननी मला काठोकाठ भरून त्यांच्याकडे पाठवलं. आमच्या गल्लीत आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. प्लम दोन महिन्यांत संपले, पण माझ्यात घालून काय द्यावं हे कुवाबारा-सानना काही सुचेना. उकडलेल्या शेंगा फार साध्या वाटत, केक फार भपकेबाज. काही ठरेपर्यंत म्हणून त्यांनी माझ्यात ब्रश धुवायला घेतले.

निवृत्त माणसं जलरंग घेऊन डोंगरावर जातात. यांचे गुडघे गल्लीच्या टोकापर्यंतच साथ देत. घडीचं स्टूल, जुनी टोपी, आणि समोर तोमिए-सानच्या भिंतीवरून डोकावणारं, नारिंगी गोड फळांचं पर्सिमॉनचं झाड. मी त्या भिंतीवर. येणारे-जाणारे चित्राचं कौतुक करत, गाळ माझ्या वाट्याला. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

त्या झाडावर चढणं तोमिए-सानना आता जमत नव्हतं. फळं पिकून खाली सडत, गांधीलमाश्या जमत, पानं लोकांच्या दारात जात. म्हणून त्या रोज सकाळी कंबरेत वाकून अख्खी गल्ली झाडत. मुलीनं दोनदा झाड तोडणारा माणूस ठरवला, दोनदा आईनं परत पाठवला.

"अगं, कुवाबारा-सान रोज येऊन बसतात," त्या फोनवर म्हणाल्या. "झाड गेलं तर बिचाऱ्यांनी काढायचं काय?"

भिंतीच्या अलीकडे कुवाबारा-सान बायकोला सांगत होते, "कंटाळा आला गं त्या झाडाचा. बसनं बंदरावर जाऊन होड्यांची चित्रं काढावीत म्हणतो. पण एक दिवस गेलो नाही, तर त्यांना वाटेल, झाड आवडेनासं झालं."

मी दोन्ही ऐकलं. तोंड माझं एवढं मोठं, उपयोग शून्य.

गेल्या नोव्हेंबरात तोमिए-सान सडक्या फळावरून घसरल्या. कुवाबारा-सान मला लवंडून धावले.

"माफ करा हं, तुमच्या चित्राच्या मध्येच आले," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या.

"छे छे, मीच इथे बसून अडचण करतो. मला माफ करा."

माफ्या चालू राहिल्या, उचलायचं राहूनच गेलं. तेवढ्यात कुवाबारा-सानच्या पत्नी, हात्सुए-सान, आल्या. माहेर ओसाकाचं, तिकडची माणसं रोखठोक; पोटात एक ओठात एक ठेवणं त्यांना जमत नाही.

"अहो, आधी त्यांना उठवा. आणि ऐका दोघंही. झाड यांनाही नकोय, तुम्हालाही नकोय. एकमेकांचं मन जपता जपता आज कंबर मोडली असती."

मुक्या मारावर निभावलं. आठवड्यात झाड गेलं.

मग मला परत करायचं ठरलं. तीन दिवस घासलं, निळा काही निघाला नाही. आत कुवाबारा-साननी एक चित्र गुंडाळून घातलं. संकोचापायी तोमिए-साननी आजवर एकही चित्र पाहिलं नव्हतं. त्यांनी उलगडलं. झाड कोपऱ्यात होतं. मधोमध त्या स्वतः, झाडू घेऊन दुमडलेल्या.

"इतकी वाकत होते मी?"

ती पाठ कुवाबारा-साननी निदान साठ चित्रांत काढली होती. तिच्यावरची सावली कुठल्या निळ्यानं साधते, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. दुखते का, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

प्लमसाठी मी आता बाद. पण रिकामी कशी द्यायची? म्हणून तोमिए-सान रोज सकाळी मला स्वच्छ पाण्यानं भरून भिंतीवर ठेवतात, आणि उरलेल्या बुंध्यावर ताठ बसून राहतात. शेजाऱ्यांना चित्र काढायला काहीतरी हवं ना. कुवाबारा-सानना खरं तर बंदरावर जायचंय, पण त्या एवढ्या नीटनेटक्या होऊन बसल्यावर जायचं कसं?

आता ते दर थोड्या वेळानं विचारतात, "पाठ दुखत नाही ना?"

"अजिबात नाही," त्या म्हणतात. त्यांचा डावा पाय केव्हाचा बधिर झालाय.

वाचकहो, मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी हात्सुए-सानना बोलवा.