निवाऱ्यातले सध्याचे रहिवासी

हंस बसमध्ये चढला आणि नॉरिचला निघून गेला.

असं काहीही घडलेलं नाही. ग्रामसमितीच्या इतिवृत्तात तशी नोंद नाही, थांब्यावर हजर असलेल्या कुणीही काही पाहिलेलं नाही, आणि मी समितीचा चिटणीस असल्यामुळे मी तर सगळ्यांत कमी पाहिलं आहे. तेव्हा वरचं वाक्य वाचकांनी सोडून द्यावं. गोष्ट इथून सुरू होते.

इंग्लंडातल्या आमच्या स्टिबवेल गावात बसथांब्याला लाकडी निवारा आहे. ऑक्टोबर संपता संपता त्यात एक हंस येऊन बसला. हंस म्हटल्यावर दूध आणि पाणी वेगळं करणारा हंस डोळ्यांसमोर आणू नका. हा पांढरा, जाडजूड, आणि वेगळं करायचंच झालं तर पायापासून मोजा वेगळा करणारा. पण अडचण ती नव्हती. अडचण अशी, की तो आमच्या आधी आला होता.

आमच्याकडे जो आधी येतो तो आधी चढतो. त्यात पिसं असलेल्यांसाठी वेगळा नियम नाही. त्यामुळे आम्ही त्याच्यामागे, म्हणजे निवाऱ्याबाहेर, पावसात रांग लावली. दहाची बस आली. क्लाइव गेज हा आमचा ड्रायव्हर. त्याने दार उघडलं, रांगेतल्या पहिल्याकडे पाहिलं. पहिला बसून राहिला. या रांगेला ही बस नको आहे असं समजून क्लाइवने दार लावलं आणि तो गेला. आम्ही त्याला हात हलवून धन्यवाद दिले.

बहुतेकांकडे गाड्या होत्या, त्यांचं काही अडलं नाही. अडलं हेस्टर लॅम्प्लू यांचं. हेस्टरबाई ऐंशीला टेकल्या आहेत. त्यांची थोरली बहीण एनिड नॉरिच शहरातल्या वृद्धाश्रमात असते, आणि दर गुरुवारी त्या तिला भेटायला जातात. मागचे दोन गुरुवार हंसाने खाल्ले. आता एकच उरला होता, कारण शुक्रवारी एनिडला तिचा मुलगा न्यूझीलंडला घेऊन जाणार होता, कायमचं. त्या वयात कायमचं म्हणजे खरंच कायमचं.

कुणी गाडीतून का नेलं नाही? देऊ केली होती ना गाडी. समितीवरच्या मॉरीन टफनेल माझ्यासमोर म्हणाल्या, "हेस्टर, तुला कधी खरोखरच अगदी गरज पडली, तर मला नुसतं सांगायला मुळीच संकोच करू नकोस हं."

"छे गं, मॉरीन. तुला उगाच त्रास द्यायचं माझ्या स्वप्नातसुद्धा येणार नाही."

आमच्या भाषेत इथे गाडी देऊ केली गेली, नाकारली गेली, आणि दोघी एकमेकींवर खूश होऊन घरी गेल्या. फक्त हेस्टरबाई नॉरिचला गेल्या नाहीत.

मंगळवारी समिती बसली. तिचं पूर्ण नाव 'ग्रामसमिती बसथांबा निवारा सद्यस्थिती फेरविचार उपसमिती'. निवाऱ्यावर फलक लावायचं ठरलं. मजकूर काय, एवढाच प्रश्न होता.

आमच्याकडे काही मागायचं तर त्याची रीत आहे. आधी क्रियाविशेषण ठेवायचं: थोडंसं, शक्यतो, खरं तर. ती ऐकणाऱ्याला बसायला उशी. मग इंग्रजीतला 'टु' लावून क्रियापद, तेही 'विचारणे', 'सुचवणे' असलं, ज्यात प्रत्यक्ष काही होत नाही. आणि सगळ्यांत शेवटी खरी वस्तू. पण ती एकटी कधी येत नाही. तिच्यापुढे इतकी नामं उभी करायची, की तिथवर पोचेपर्यंत मागणारा आणि देणारा दोघंही चहाला गेलेले असतात.

बर्नार्ड पिनक निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "'नम्रपणे' हा शब्द आधी किंवा नंतर येईल. 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये येणार नाही. ते नवरा-बायको आहेत. त्यांच्यामध्ये तिसऱ्याने बसू नये."

"मध्ये कुणी बसलं तर संसार बरा चालतो, बर्नार्ड," मॉरीनबाई म्हणाल्या. "माझी सासू वीस वर्षं बसली होती."

"आणि तुमचा हॅरोल्ड संसार सोडून निघून गेला."

"सासूबरोबर गेला. मध्ये बसणाऱ्याचं काय चुकलं त्यात?"

यावर मतदान झालं. समसमान मतं पडली, कारण मी दोन्हीकडे हात वर केला. मग हंसाला 'हंस' म्हणणं जरा अंगावर येतं म्हणून 'बसथांबा निवाऱ्यातले सध्याचे रहिवासी' असं ठरलं, आणि तेवढ्यातच फलकाची फळी संपली.

मागच्या खुर्चीवरून हेस्टरबाईंनी हात वर केला. "मला वाटतं, म्हणजे कदाचित... नुसतं 'हल' म्हटलं तर?"

मॉरीनबाईंनी बिस्किटांच्या बशीवर रुमाल टाकला. पिनक खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही नव्हतं.

"मी आपलं सुचवलं," हेस्टरबाई म्हणाल्या. सभा तहकूब झाली.

गुरुवारी त्या चांगला कोट घालून, शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा घेऊन रांगेत आल्या. हंस पहिला, त्या दुसऱ्या, मग पिनक, मॉरीनबाई आणि मी. मॉरीनबाईंची गाडी दारात उभी होती. त्या केवळ पाठिंबा म्हणून आल्या होत्या. वारा असा, की टोपीबरोबर केसही जातील. दहाची बस आली. दार उघडलं.

"काय मंडळी," क्लाइव म्हणाला, "आज येताय, की नेहमीसारखं नुसतं बघायला?"

हेस्टरबाई हंसाकडे वळल्या. डबा छातीशी धरला.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला अडवायचा माझा मुळीच हेतू नाही, आणि खरं तर हे बोलायलाही मला फारच अवघड वाटतंय, पण तुम्हाला शक्यतो फारशी गैरसोय होणार नसेल तर मला अगदी सहज, थोडंसं, विचारून बघावंसं वाटतं, की माझ्या थोरल्या बहिणीच्या वृद्धाश्रमाच्या दुपारच्या जेवणाआधीच्या भेटीच्या वेळेच्या दृष्टीने—"

"हेस्टर, 'थोडंसं' जरा आधी," पिनक पुटपुटले.

"बोलू द्या हो तिला!" मॉरीनबाई म्हणाल्या.

"—त्या दृष्टीने, आणि अर्थात तुमचा पहिला नंबर मला पूर्णपणे मान्य आहे, तो कुणी काढून घ्यावा असं मी चुकूनही म्हणणार नाही, तरी आज जर कदाचित तुम्हाला स्वतःलाच या बसने प्रवास करून बघायला अगदी मनापासून आवडण्याची जराशी शक्यता असेल—"

क्लाइव दार लावू शकत नव्हता. बाई वाक्याच्या मध्यावर असताना दार लावणारा ड्रायव्हर आमच्या काउंटीत पुढे लग्नाला उभा राहू शकत नाही. दार उघडं राहिलं, आणि बसमधल्या हीटरची ऊब बाहेर येऊ लागली. आधी पायऱ्यांवर, मग रस्त्यावर, मग निवाऱ्यात. हेस्टरबाई अजून क्रियापदापर्यंत आल्या नव्हत्या. हंसाने मान वर केली. उठला. पंख झटकले. आणि तीन पायऱ्या चढून आत गेला.

"—तर आम्ही सर्वच आपले अत्यंत आभारी राहू," हेस्टरबाईंनी वाक्य पूर्ण केलं. सोडून द्यायचं त्यांच्या रक्तात नाही.

क्लाइवने हंसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ज्येष्ठ नागरिक दिसतायत," तो म्हणाला. "चला, पुढे सरका."

नॉरिचला हंस उतरला आणि नदीकडे चालत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी डबा धरून हेस्टरबाईंबरोबर वृद्धाश्रमात गेलो.

"दोन गुरुवार आली नाहीस," एनिडबाई म्हणाल्या.

"रांग होती."

"अगं, मग काय करणार."

दोघी जेवणाच्या घंटेपर्यंत हवामानाबद्दल बोलल्या. उठताना एनिडबाई म्हणाल्या, "उद्या दुपारची गाडी आहे. तुला अगदीच दुसरं काही करण्यासारखं नसेल, तर स्टेशनवर एखादी चक्कर टाकायला हरकत नाही म्हणा."

"बघते, जमलंच तर," हेस्टरबाई म्हणाल्या. म्हणजे त्या गुडघ्यांवर रांगत आल्या असत्या.

शुक्रवारी निवारा रिकामा होता. आम्ही सगळे बाहेर उभे. आत पहिला कोण जाणार?

"बर्नार्ड, तुम्ही."

"छे छे, आधी तुम्ही, मॉरीन."

"मी तर येणारसुद्धा नाहीये. फेलिक्स, तू जा."

"मी चिटणीस आहे," मी म्हणालो.

बस आली. दार उघडलं. पहिला नंबरच नव्हता, त्यामुळे कुणीच हललं नाही. क्लाइवने डोळे बारीक करून रांग शोधली, पण त्याला नुसती माणसं दिसली. "बरं, चालू द्या," तो म्हणाला आणि दार लावायला हात पुढे केला.

"थांब," हेस्टरबाई म्हणाल्या.

एवढंच. पुढे उशी नाही, मागे आभार नाहीत. त्या पिनकच्या पुढून, मॉरीनबाईंच्या पुढून, सरळ चालत गेल्या आणि बसमध्ये पहिल्या चढल्या. पिनकनी टोपी काढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

स्टेशनवर एनिडबाईंनी गाडीत चढण्याआधी बहिणीच्या कोटाचं सगळ्यांत वरचं बटण लावलं. मग पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. आमच्या भागात याला हंबरडा फोडणं म्हणतात. गाडी गेली. हेस्टरबाई फलाटावर उभ्या राहिल्या, आणि मग अगदी बारीक आवाजात मला म्हणाल्या, "फेलिक्स, मी पुढे घुसले ना रे?"

घुसल्या होत्या.

तेव्हापासून त्या थांब्यावर येत नाहीत, दुकानात मान खाली घालून जातात, आणि चर्चमध्ये सगळे बसल्यावर बसतात. हे काही बरं नाही. म्हणून समितीने, यावेळी एकमताने, जिल्हा परिवहन विभागाकडे पुढील अर्ज धाडला आहे:

'महोदय, सदर शुक्रवारी दहाच्या बससाठी स्टिबवेल थांब्यावर मिस हेस्टर लॅम्प्लू यांच्या आधीपासून कोणीतरी उभे होते, व मिस लॅम्प्लू या रीतसर दुसऱ्याच चढल्या, असे आपल्या विभागाने पूर्वलक्षी प्रभावाने मान्य करावे. त्यासाठी आपल्या कार्यालयातील एखाद्या योग्य कर्मचाऱ्याने आपण स्वतः त्या दिवशी तेथे पहिले उभे होतो असे लेखी द्यावे. आणि त्या कर्मचाऱ्याने शक्य तितक्या लवकर, एखाद्या गुरुवारी, मिस लॅम्प्लू यांच्या घरी चहाला जाऊन त्यांचे आभार स्वीकारावेत, ही विनंती.'